सतरा नंबरची पाच मिनिटं

ती घटना आजही आठवली की आधी कानात ढोल घुमतो आणि मग पायांना गारठा जाणवतो. सिंगापूरसारख्या बारमाही घामाच्या गावात बर्फावरचा गुन्हा मी सगळ्या नोकरीत एकच तपासला, आणि त्यात पहिले तीन दिवस साफ चुकलो.

माझे वडील रत्नागिरीकडून इथल्या बंदरात जहाजदुरुस्तीच्या कामाला आले आणि इथलेच झाले. मी पोलिसात भरती झालो, नोकरी करत संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेतली. आमच्या सात पिढ्यांत पहिला पदवीधर मी. हे मी छाती काढून सांगतो, आणि इथे सांगायला कारणही आहे, ते पुढे येईल.

वर्ष दोन हजार दहाच्या दशकातलं. गावात बर्फाचं मोठं मैदान होतं, मॉलच्या वरच्या मजल्यावर. तिथे हौशी लोकांची आइस हॉकीची लीग चाले. गवतावरची हॉकी आपल्याला माहीत. ही बर्फावरची. पायात धारदार पात्यांचे बूट, चेंडूऐवजी पक नावाची रबराची चकती, आणि धक्काबुक्की हा खेळाचाच भाग. लीग संपली की वरच्या चार टीमचे बाद सामने, म्हणजे प्लेऑफ. त्या वर्षी उपांत्य फेरीत गाठ पडली आंग मो किओ भागातल्या कारखानेवाल्यांची आणि वन-नॉर्थ भागातल्या कॉम्प्युटरवाल्यांची. तीन सामन्यांतले दोन जिंकेल तो पुढे.

वन-नॉर्थच्या टीमला आपली मराठी पोरं पाठिंबा द्यायची. पुण्या-मुंबईची, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर आलेली. टीममध्ये एकही मराठी माणूस नव्हता, पण शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी खेळतोय म्हटल्यावर आपले लोक गप्प बसतात थोडेच! गणपतीसाठी आणलेले दोन ढोल त्यांनी आयोजकांची रीतसर परवानगी काढून थेट मैदानात नेले. पहिला सामना वन-नॉर्थने जिंकला तेव्हा ढोलाच्या आवाजाने काचा थरथरत होत्या म्हणे. आंग मो किओवाले चिडले. दुसऱ्या सामन्याला त्यांनी पत्र्याचे डबे आणि भोंगे आणले.

त्या रविवारी दुपारी दुसऱ्या सामन्यातच प्रकार घडला.

शेवटची दहा मिनिटं उरली होती. आंग मो किओचा सतरा नंबर, थंड देशातून आलेला सहा फुटी गोरा इंजिनियर, याने वन-नॉर्थच्या एका खेळाडूला पाठीमागून धडक मारून कडेच्या फळीवर आपटलं. पंचाने शिट्टी मारली. फलकावर लाल अक्षरांत आलं : १७, पाच मिनिटं. म्हणजे आंग मो किओने पाच मिनिटं एक माणूस कमी घेऊन खेळायचं. तेवढ्या वेळात वन-नॉर्थने दोन गोल केले. पाच मिनिटं संपता संपता एका सफाईवाल्या आंटीला कपडे बदलण्याच्या खोल्यांकडच्या बोळात एक माणूस पडलेला दिसला. कपाळ फुटलेलं, मनगट मोडलेलं, खाली रक्त.

जखमी माणूस आंग मो किओच्या पाठीराख्यांचा पुढारी. चाळिशीचा चिनी टेक्निशियन, भोंगा त्याचाच. शुद्धीवर होता. म्हणाला, "मागून मारलं. तोंड नाही बघितलं."

सामना अर्धवट थांबवला. निकाल वन-नॉर्थच्या बाजूने द्यायचा की सामना पुन्हा घ्यायचा, यावर आयोजक भांडत बसले आणि शेवटी शनिवारी पुन्हा सामना ठरला.

सोमवारी सकाळी ठाण्यात फोन आला. नाव सांगणार नाही म्हणाला. "तो ढोलवाला बघा. त्याच्या काठीला रक्त आहे."

मी आणि माझा मलय सार्जंट गेलो. ढोल ज्या खोलीत ठेवत तिथे दोन्ही टिपरं मिळाली. टिपरू म्हणजे ढोल वाजवायची काठी. एकीला खरंच रक्ताचे डाग. टिपरू साक्षीदारांसमोर पिशवीत घालून सील केलं आणि प्रयोगशाळेला पाठवलं. तिथून उत्तर यायला तीन-चार आठवडे सहज लागत. मग कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं. बोळाच्या आत कॅमेरा नव्हता, दारावर होता. सामन्याच्या त्या पाच मिनिटांत प्रेक्षकांच्या बाजूने त्या दारातून दोघंच आत गेले : आधी ढोलवाला, ढोलासकट. मग मिनिटाभराने जखमी. थोड्या वेळाने ढोलवाला एकटा बाहेर आला.

हे पाहून सार्जंट इथल्या पद्धतीने शेवटी 'लाह' जोडत म्हणाला, "सर, केस क्लोज लाह."

मलाही तसंच वाटलं. पण आधी मी मॅडमकडे गेलो, म्हणजे माझ्या वरिष्ठ चिनी इन्स्पेक्टरबाईंकडे. म्हटलं, "मॅडम, संशयित मराठी आहे. मीही मराठी. नोंद करून ठेवा."

"ओळखतोस त्याला?"

"नाही."

"मग काय, गावातले सगळे चिनी चोर मी सोडून देऊ? जबाब इंग्रजीत घे, सार्जंटला आत बसव."

ढोलवाला तिशीचा, चष्मा, पाया लेबार भागात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा. खुर्चीवर बसला तेव्हा त्याचे हात पाहिले. दहापैकी सहा बोटांना चिकटपट्ट्या.

"हे काय?"

"ढोल, सर. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताने थाप. बोटं फुटतातच. आमच्यात म्हणतात, रक्त आल्याशिवाय वादक होत नाही."

"काठीवरचं रक्त तुमचंच म्हणायचं."

"माझंच आहे."

"बोळात कशाला गेलात?"

"ढोल उतरला होता. आत गारठा आणि दमटपणा, ढोलाचं पान, म्हणजे कातडं, सैल पडतं. दोऱ्या ताणायला गेलो. तिथे आवाज कमी असतो, सूर कळतो. ताणला आणि आलो. मान खाली घालून दोऱ्या ताणत, थापा मारून बघत होतो, मागून कोण गेलं ते बघितलं नाही. बोळ पुढे वळतो, मी अलीकडेच होतो."

"त्याआधी कुठे होतात?"

"पेनल्टी बॉक्ससमोर!" एवढ्या अडचणीत असूनही त्याचा चेहरा उजळला. "सतरा नंबरला बाहेर काढलं ना, मग आम्ही सगळे खाली काचेपाशी उतरलो आणि त्याच्या तोंडासमोर वाजवलं. असा वाजवला सर, बिचारा मान खाली घालून बसला होता."

पेनल्टी बॉक्स म्हणजे शिक्षा झालेल्या खेळाडूने बसायची काचेची खोली. मी लिहून घेतलं : सतरा नंबर, पूर्ण पाच मिनिटं बॉक्समध्ये. त्याच्या मित्रांनीही तेच सांगितलं, सामन्याच्या गुणपत्रकावर तेच होतं, फलकावरही तेच. दोन्ही टीमच्या खेळाडूंची यादी माझ्याकडे होती. बर्फावर कोण ते पाहिलं, उरलेले बाकावर असं धरलं आणि सगळ्यांचा मेळ बसला. सतरा नंबरपुढे मी बरोबरची खूण केली आणि त्याला बोलावलंही नाही.

ढोलवाल्याने जबाबावर सही केली. जामीन झाला, पण पासपोर्ट आम्ही जमा करून घेतला. तेव्हा तो पहिल्यांदा मराठीत बोलला.

"साहेब, बायको पुण्यात आहे. दिवस भरलेत. शुक्रवारचं तिकीट आहे माझं."

सार्जंट माझ्याकडे पाहत होता. मी इंग्रजीतच म्हणालो, "प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत, तीनेक आठवडे, देश सोडता येणार नाही."

"तीन आठवडे?"

"कदाचित चार."

"पहिलं मूल आहे, साहेब. आधीचं गेलं. तिला मी शब्द दिलाय."

मी पासपोर्ट कपाटात ठेवून कुलूप लावलं. मंगळवारी त्याच्या कंपनीतून पत्र आलं : कर्मचाऱ्यावर गुन्हा आहे का, पासचं काय करायचं. त्याची नोकरीही आता हलायला लागली होती.

माझी एक सवय होती. प्रत्येक केसमध्ये मी मिनिटांचा तक्ता आखायचो. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत मिनिटं. एकही घर रिकामं ठेवायचं नाही. बुधवारी सकाळी तक्ता पुरा करताना एक घर रिकामं दिसलं : सतरा नंबर बॉक्समधून किती वाजता बाहेर आला? किरकोळ गोष्ट. गुणपत्रकाची मूळ प्रत परत द्यायची होतीच, म्हणून मीच मैदानावर गेलो.

घड्याळ सांभाळायला एक निवृत्त शिक्षिका असायच्या. सिंगापूरच्या चिनी बाई, गळ्यात मफलर, हातात गरम माइलोचा, म्हणजे चॉकलेटच्या दुधाचा थर्मास.

मी विचारलं, "मॅडम, सतरा नंबर बॉक्समधून किती वाजता बाहेर आला?"

बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे पाहतात.

"बाहेर? आत गेलाच नाही तर बाहेर कसा येईल?"

"पण शिक्षा त्याला झाली. फलकावर सतरा होता."

"अय्यो, ऑफिसर! पाठीमागून एवढं मारलं तर नुसती पाच मिनिटं नाही. गेममधूनच आउट. सरळ चेंजिंग रूम. मग त्याच्या नावाची पाच मिनिटं बसणार कोण? टीमचा दुसरा माणूस बसतो. नंबर त्याचा, बूड दुसऱ्याचं, लाह!"

मी थर्मासशेजारी तसाच उभा राहिलो. हेल्मेट, तोंडावर जाळी, अंगात तीच जर्सी. नंबर पाठीवर आणि पाठ भिंतीला टेकलेली. आपल्या पोरांना हा खेळ कळून जेमतेम तीन महिने झालेले. त्यांनी ज्याच्यासमोर एवढा जीव तोडून ढोल वाजवला तो सतरा नव्हताच. आणि खरा सतरा ती पाच मिनिटं त्याच बोळाच्या टोकाला, बर्फाकडच्या दाराने आत गेलेला, एकटा. त्या दारावर कॅमेरा नव्हता.

सार्जंटला फोन लावला. "गाडी काढ. आधी जखमीकडे."

"ढोलवाल्याचं काय सर?"

"सतरा बॉक्समध्ये होता असं सांगून त्याने स्वतःच्याच गळ्यातला फास आवळलाय. तो सोडवायला चाललोय."

जखमी आंग मो किओच्या आपल्या फ्लॅटमध्ये हाताला प्लास्टर घालून टीव्ही पाहत होता. बायकोने आम्हाला पाणी दिलं. मी सरळच बोललो. "अंकल, तुम्ही सामना सोडून बोळात कशाला गेलात?"

"टॉयलेट."

"टॉयलेट दुसऱ्या बाजूला आहे. तुम्ही सतराला बोलायला गेलात. त्याच्यामुळे गेम जात होता म्हणून."

तो टीव्हीकडेच पाहत राहिला. बायको चिनीत काहीतरी बोलली, जरा चढ्या आवाजात.

"ऑफिसर," तो शेवटी म्हणाला, "शनिवारी सामना आहे. तो नसला तर आम्ही हरलो."

"म्हणून ढोलवाल्याचं नाव सांगितलं?"

"मी नाही सांगितलं! दुसऱ्या कोणीतरी फोन केला. मी फक्त..." तो थांबला. "मी 'तो नव्हता' एवढंही म्हटलं नाही. तो परदेशी, मोठी कंपनी. ते लोक वकील देतात. काय होणार त्याला?"

"त्याची बायको बाळंत व्हायची आहे. शुक्रवारी त्याला विमान गाठायचंय. पासपोर्ट माझ्या कपाटात आहे."

हे ऐकून बायकोने टीव्ही बंद केला. आणि आपल्या मराठीत सांगायचं तर, नवऱ्याला असं झापलं की मला भाषांतराची गरज पडली नाही. तो खाली मान घालून बोलू लागला. तो सतराला म्हणाला होता, मूर्ख, भित्रा, पैसे घेऊन हरतोस का. सतराने ढकललं. बुटांच्या पात्यांवर तोल गेला, दोघंही आदळले, आणि याचं कपाळ लोखंडी बाकावर बसलं. भांडण आपल्याच माणसाचं, आपल्याच खेळाडूशी.

त्या दुपारीच सतरा नंबरला ठाण्यात बसवलं. मी पहिला प्रश्न विचारायच्या आत तो म्हणाला, "सोमवारपासून वाट पाहतोय. ढोलवाल्याला बोलावलंत, मला नाही."

एका तासात कबुली जबाब लिहून झाला. त्याने काही लपवलं नाही. फक्त विचारलं, शनिवारी खेळता येईल का. मी म्हटलं, ते आयोजक ठरवतील, पण माझा तुला एवढाच सल्ला आहे की वकील बघ.

गुरुवारी मॅडमची सही घेऊन ढोलवाल्याला बोलावलं. पासपोर्ट टेबलावर ठेवला. तो हात लावेना.

"घ्या. तुमच्यावर काही नाही. कंपनीला पत्र गेलं."

त्याने पासपोर्ट उघडून आपला फोटो पाहिला. मग एकदम म्हणाला, "म्हणजे साहेब, मीच तुम्हाला सांगितलं होतं ना, तो बॉक्समध्ये होता म्हणून?"

"हो."

"आणि मी ज्याच्यासमोर वाजवत होतो तो कोण?"

"कोणी राखीव खेळाडू. बावीस वर्षांचा पोरगा. मान खाली घालून बसला होता कारण त्याचे कान दुखत होते."

तो हसायला लागला आणि हसता हसताच रडायला लागला. सार्जंट टिश्यूचा डबा घेऊन आला. सगळं झाल्यावर मी मराठीत म्हणालो, "आता ऊठ. बॅग भर. उद्या विमान चुकवलंस तर मीच अटक करीन."

"हो काका," तो म्हणाला. चार दिवसांत साहेबाचा काका झालो होतो.

या केसचा मी पुढे खूप विचार केला. इथे खोटं बोलला तो जखमी एकटाच. बाकी सगळ्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. दोन्ही बाजूंचे पाठीराखे एकमेकांकडे बोट दाखवण्यात इतके गर्क होते की आपल्याच बाजूला काय घडलं ते कोणाला दिसलं नाही. आणि मी? मी कागद वाचला. गुणपत्रक वाचता येतं, फलक वाचता येतो, पदवीधर माणूस, मग आणखी कोणाला काय विचारायचं? माझ्या वडिलांना इंग्रजी अक्षर येत नव्हतं. ते गोदीत प्रत्येक गोष्ट तिघांना विचारून मगच हात लावायचे. लोक हसायचे त्यांना. लहानपणी मलाही लाज वाटायची. ते सोमवारी माझ्या जागी असते तर पहिल्या तासात त्या घड्याळवाल्या बाईंपाशी जाऊन उभे राहिले असते : "बाई, ही पाच मिनिटं म्हणजे नेमकं काय हो?" मला ते विचारायला बुधवार उजाडला, तेही तक्त्यातलं एक घर रिकामं राहिलं म्हणून. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत कुठलाही कागद हातात आला की मी आधी तो लिहिणाऱ्याला शोधून काढायचो. हाताखालचे तरुण अधिकारी वैतागायचे. वैतागू देत.

शनिवारी मी स्वतः तिकीट काढून सामन्याला गेलो. सार्जंटही आला. एका बाजूला भोंगे, दुसऱ्या बाजूला एकच ढोल, आणि मी पन्नाशी उलटलेला माणूस बाकावर उभा राहून ओरडत होतो. रविवारी दुपारी फोनवर पुण्याहून संदेश आला. कापडात गुंडाळलेल्या बाळाचा फोटो, डोळे घट्ट मिटलेले. खाली दोन ओळी :

"काल मुलगी झाली काका. तासभर आधी पोचलो. मॅच कोण जिंकलं?"