पाठमोरं गिऱ्हाईक
गुलाबपाण्याचा वास आला की मला सोलापूरचा, होटगी रस्त्यावरचा तो पेट्रोलपंप आठवतो. सत्तरच्या दशकात मी तिथं गाड्यांत तेल भरायचो. त्या वर्षी डोळ्यांची साथ आली होती. ड्रायव्हर लोक घरोघरी डोळ्यांत गुलाबपाणी घालून पडले होते, आणि दुपार टळली तरी पंपावर भवानी झाली नव्हती. माझेही डोळे आलेले, पण बाकीच्यांपेक्षा बरे, म्हणून मी एकटाच कामावर. शेवटी एक ट्रक आला. मी मीटर शून्यावर आणायची कळ फिरवली आणि रीतीप्रमाणे म्हणालो, ‘शून्य बघा.’ ड्रायव्हरनं माझे लाल डोळे पाहिले आणि पाठच फिरवली. ‘तुमीच बघा की. तुमच्याकडं बघून माजं डोळं आलं तर गाडी कोन चालवनार?’ मीटरवरचे आकडे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. ते शून्य होतं की आठ, मला कळेना. डोळे पुसले तरी तेच. पुन्हा कळ फिरवावी, तर आवाजानं त्याला संशय यायचा आणि दिवसातलं एकुलतं गिऱ्हाईक जायचं. ‘हाय का शून्य?’ त्यानं पाठमोऱ्यानंच विचारलं. ‘हाय,’ मी म्हणालो आणि नळी टाकीत घातली. आता नातवाच्या स्कूटरवरून पंपावर जातो. तो मोबाईलमधून मान वर न करता ‘हो, झिरो’ म्हणतो. मी मात्र खाली उतरून मीटरला नाक लावतो. त्या दिवशीचं शून्य मला अजून नीट दिसलेलं नाही.