लाकूड वाजवणारी बाई

तळोद्याच्या जीप स्टँडवर चहा करणाऱ्या बाईंची एक सवय आहे. चुलीत घालण्याआधी त्या दोन लाकडं कानाशी धरून एकमेकांवर आपटतात. खणखणीत वाजली तर चुलीत, नाहीतर मागे उन्हात. मी सुधारित चुलींचा प्रचारक. माझ्या वहीत मी याची नोंद 'अंधश्रद्धा' अशी केली होती.

आधी मी त्यांना धुराड्याची मातीची चूल दिली, मग पत्र्याची. दोन्ही वेळा त्या एवढंच म्हणाल्या, "बरी शे, भाऊ."

परवा मी पंख्याची चूल नेली. बटण दाबलं की धूर गायब, असं जमलेल्या बायकांना ठासून सांगितलं आणि वाटेत तोडून आणलेली बाभूळ आत सारली. इतका धूर झाला, की जीपमधल्या बायकांनी नाकाला पदर लावले. माझं भाषण खोकल्यातच संपलं.

बाईंनी माझी लाकडं ओढून काढली, स्वतःची दोन कानाशी वाजवून आत घातली. जाळ स्वच्छ, धूर नाही.

"चूल चांगली शे, भाऊ," त्या हळूच म्हणाल्या. "लाकूड वल्लं व्हतं."

संध्याकाळी मी अहवालात लिहिलं : 'महिलांना प्रशिक्षण दिले.'