भावाच्या हाताचा खटला

नागपूरच्या दीक्षेच्या आदल्या वर्षी माझ्या थोरल्या भावाचा उजवा हात गेला. आम्ही आंजीला राहत होतो. बाप नव्हता. कापसाच्या मोसमात भाऊ वर्ध्याच्या एका जिनात कामाला जायचा, त्यावर घर चालायचं. सरकी काढायच्या यंत्रात गुंतलेला कापूस मोकळा करताना त्याची दोन बोटं रुळात सापडली. जिनच्या डॉक्टरनं टाके घातले, पट्टी बांधली आणि आठवड्यानं ये म्हणाला.

आठवडा निघाला नाही. हात कोपरापर्यंत सुजला, ताप उतरेना. भाऊ तसाच डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर गावाला गेलेत म्हणून कंपाउंडरनं दारातूनच परत पाठवलं. त्या संध्याकाळी मायनं जवसाचं पोटीस बांधलं. सकाळी त्याला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात नेलं. विष वर चढलंय, म्हणाले, आणि हात कोपराच्या वरून कापला.

जिनवाले दोन बोटांची भरपाई द्यायला तयार होते, हाताची नाही. मजूर संघातल्या एकानं आमच्या वतीनं दावा लावला. पोटिसाचं तोंडातून काढू नका, असं त्यानं मायला बजावलं होतं. दारात आला तेव्हाच हात कसा झाला होता, ते सांगायला कंपाउंडरही साक्षीला येतो म्हणाला होता. तो आला नाही; नोकरी जिनवाल्यांचीच होती.

कोर्टात मायला साक्षीला उभं केलं. जखमेवर घरी काय लावलं, असं जिनच्या वकिलानं अगदी मऊ आवाजात विचारलं. मायनं एकदा भावाकडे पाहिलं.

"जवस शिजवून बांधलं, साहेब. डॉक्टर भेटला नाई. पोरगा कण्हून राह्यला होता, मग मी काय करू?"

वकील खाली बसला. हात त्याआधीच काळा पडला होता, हेही मायनं सांगितलं. पण घरच्यांशिवाय ते सांगणारं कोणी नव्हतं. निकाल बोटांपुरता लागला. हात घरगुती इलाजानं सडला, असं त्यात होतं.

त्यानंतर माय भावासोबत जेवायला बसेना. तो डाव्या हातानं चाचपडत घास घ्यायचा, ती चुलीकडे तोंड करून बसायची. एके दिवशी तो ताट बाजूला सारून तिच्यापुढे जाऊन बसला.

"माय, हात मशीननं नेला. तू काऊन आपल्या अंगावर घेतं?"

"कोर्टाच्या साहेबानं लिहून देल्लं ना, बाबू. एवढा शिकलेला माणूस खोटं लिहीन का?"

संघाचा माणूस अपिलासाठी दोनदा येऊन गेला. मायला पुन्हा तिथं उभं करणार नाही, एवढंच भाऊ त्याला म्हणाला. पुढे तो लोकांच्या वावरात राखण करू लागला. मी मायची खूप समजूत घातली. ती ऐकून घ्यायची, मान हलवायची. पण शेवटच्या दुखण्यातही ती त्याच्या रिकाम्या बाहीवरून हात फिरवत माफी मागत होती.