गोडाऊनमधला चेडोबा

मुंबईजवळच्या आमच्या वळ गावात देवांवरून भांडणं पुष्कळ झाली. मान कुणाचा, पालखी कुठून न्यायची, यावरून डोकीही फुटली. पण देवालाच सील ठोकलं गेलं असं एकदाच घडलं, आणि तो देव सावळारामचा चेडोबा.

चेडोबा म्हणजे आपल्याकडचा रानाचा रखवालदार. देऊळ नाही की मूर्ती नाही. शेताच्या कोपऱ्यात गुडघाभर उंचीचा, शेंदूर फासलेला दगड. मार्गशीर्षात भाताची झोडणी उरकली की त्याच्यापुढे नव्या तांदळाची भाकर, एक अंडं आणि कोंबडा ठेवायचा. तेवढ्यावर तो वर्षभर ढोरांपासून, सापांपासून आणि शेजाऱ्यांपासून शेत राखतो. सावळारामचे शेजारी मला ठाऊक आहेत, त्यामुळे देवाला सगळ्यात जास्त काम कशाचं पडत असेल तेही ठाऊक आहे.

हा नैवेद्य सावळारामची बायको बायजाबाई करायची. लग्नाला नऊ वर्षं होऊनही पाळणा हलला नाही, तेव्हा तिनं चेडोबाला शब्द दिला होता: पोर दे, मी जिती आहे तोवर माझ्या हातची भाकर तुझ्यापुढे येईल. भूपेश झाला. तेव्हापासून एकही मार्गशीर्ष चुकला नाही. एका साली ती तापानं फणफणली होती, तर सावळारामनं तिला बैलगाडीत घालून बांधापर्यंत नेलं. एरवी दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. "ह्यांना चार लोकांत बोला म्हटलं का मुके, आन् घरात गप बसा म्हटलं का तमाशा," असं ती पाणवठ्यावर सांगायची, आणि ते सावळारामच्या कानावर जाईल इतक्या मोठ्यानं सांगायची.

भूपेश दहावीला दोनदा बसला, पण गोडाऊनवर बोलायला लागला की वाटावं, ह्याला विचारूनच सगळं ठरतं. त्याच्या बोलण्यात खोटंही फार नव्हतं. दिल्लीवाल्यांनी परदेशी पैशाला दार उघडलं त्याला सत्तावीस वर्षं झाली होती, तेव्हा कुठं तो पैसा वळच्या बांधावर येऊन उभा राहिला. फोनवर बोट ठेवून लोक पोरांचे लंगोट, साबण आणि पावडरी मागवायला लागले होते. तो माल ठेवायला जागा हवी, आणि मुंबईजवळ जागा म्हणजे आपली भातशेती. शेजारच्या दापोड्यात शेतागणिक गोडाऊनचे पत्रे चढले. आधी आपल्याला दारात उभं न करणाऱ्या फायनान्स कंपन्या चहा घेऊन घरी यायला लागल्या, म्हणजे चहा आपलाच, पण साखर त्यांच्या बोलण्यात.

"आबा, जमीन विकायची न्हाय," भूपेश म्हणाला. "जमिनीवर कर्ज काढून गोडाऊन बांधायचं, कंपनीला भाड्यानं द्यायचं. भाड्यातनं हप्ता जातो. आपण नुसतं बसायचं."

"बसून भरलंय का कुणाचं पोट?" सावळाराम म्हणाला.

"तुमी चाळीस वर्षं वाकलात, तुमचं भरलं?"

 सावळारामचं शेत द्यायला मन तयार नव्हतं, आणि पोरापुढे 'नाही' म्हणायची धमक नव्हती. म्हणून त्यानं जे केलं, ते आपल्याकडचाच माणूस करू जाणे. त्यानं देवाला पुढे केलं.

शेतातला चेडोबा हलवायचा तर कौल घ्यावा लागतो. डोंगरावरच्या पाड्यातला राघो भगत येतो, दगडावर ओले दोन तांदूळ चिकटवतो. उजवा आधी पडला तर देव निघायला राजी, डावा पडला तर नाही. सावळाराम आदल्या दिवशी पाड्यावर गेला आणि राघोला एक बाटली नि एक गावठी कोंबडी देऊन आला. दुसऱ्या दिवशी राघोनं उजव्या तांदळाला थोडा गूळ लावला. डावा टपकन पडला. उजवा, माझ्या माहितीप्रमाणे, मुंग्यांनी नेला.

सावळारामला वाटलं, देवच हलत नाही म्हटल्यावर गोडाऊन बारगळलं. पण भूपेश त्याच्याही पुढचा. त्यानं कंत्राटदाराला सांगितलं, "देव र्‍हाऊ द्या तिथंच. भोवती तीन फुटांचा चौकोन सोडा, बाकी काँक्रीट ओता." आणि तसंच झालं. चेडोबा गोडाऊनच्या आत गेला. कंपनीच्या इंजिनिअरनं नकाशावर त्या जागी 'खांब' लिहिलं, कारण त्याच्या फॉर्मात देव या नावाचा रकाना नव्हता.

पुढची चार वर्षं बरी गेली, खोटं कशाला बोलू. भाडं वेळेवर यायचं. भूपेशनं पांढरी गाडी घेतली, बायजाबाईला गळ्यातलं केलं. गावातल्या पोरांना पॅकिंगची ड्युटी मिळाली, पोरी स्कूटीवरून शिफ्टला जायला लागल्या. मार्गशीर्षात सावळाराम आणि बायजाबाई गेटवर पास काढून आत जायची. पहिल्या वर्षी सिक्युरिटीवाल्यानं पिशवी उघडायला लावली आणि आतून कोंबड्यानं त्याच्या बोटाला चोच मारली. "ये किस के नाम पे एंट्री करूं?" असं तो विचारत होता. बायजाबाई म्हणाली, "लिव, पाहुणा."

राहून राहून सावळारामला मात्र गुळाची आठवण यायची. मी डिवचलं की तो उठून जायचा.

मग तिकडे सातासमुद्रापलीकडे कुठल्या तरी देशात व्याजाचे दर पाव-पाव टक्क्यानं चढायला लागले. सावळारामला त्या देशाचं नाव धड घेता येत नव्हतं. पण पैसेवाल्यांना आपला पैसा घरीच बरा वाटायला लागला. आणि गोडाऊन भाड्यानं घेतलेल्या ज्या कंपनीला लंगोटात कधीच नफा झाला नव्हता, जी त्यांच्याच पैशावर माल स्वस्तात वाटत होती, तिचा श्वास अडकला. पैसा यायला सत्तावीस वर्षं लागली होती, जायला एक शनिवार पुरला. सोमवारी पोरं ड्युटीवर गेली तर गेटवर कंपनी बंद झाल्याचा कागद. रॅक उघडे, माल उचललेला, सिक्युरिटीवाल्याचं स्टूलसुद्धा गायब.

भाडं बंद झालं. हप्ता मात्र बंद नव्हता, उलट त्याचाही दर त्या दूरच्या देशाकडे बघून चढत होता. भूपेशनं गाडी विकली, मग आईचं गळ्यातलं. दीड वर्षानं पोलीस, पंच आणि हुकूम घेऊन फायनान्स कंपनीचे लोक आले. शटर खाली, कुलूप, त्यावर लाखेचं सील. लिलावाची तारीख मार्गशीर्षातच पडली. भूपेश तेव्हा पडघ्याजवळच्या दुसऱ्याच्या गोडाऊनवर टेम्पो चालवत होता, आणि कुणी नाव विचारलं तर नुसतं 'ड्रायव्हर' सांगत होता.

याच दिवसांत बायजाबाईचं हृदय थकलं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी औषधं दिली आणि भूपेशला बाहेर बोलावून बाकीचं सांगितलं. तिला ते कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं होतं. ती एकच विचारायची.

"भाकर कधी न्यायची?"

फायनान्स कंपनीचा वसुलीवाला विपुल, पडघ्याचाच पोरगा. सावळाराम त्याच्याकडे सात वेळा गेला.

"बाबा, सील तोडलं तर तुमच्यावर केस होईल आणि माझी नोकरी जाईल," विपुल म्हणायचा.

"मी तुझं गोडाऊन मागत न्हाय. माझी बायको अर्धा तास आत जाईल नि भाईर येईल."

"आत आहे काय पण? आमच्या यादीत तर खांब लिहिलाय."

"त्यो खांब कोंबडा खातो," सावळाराम म्हणाला.

विपुल हसला, आणि मग त्याला हसवेना. लिलावाआधी गिऱ्हाइकांना जागा दाखवायला शटर उघडणार होतं. त्या दिवशी सकाळी, गिऱ्हाइकं यायच्या आधी, त्यानं पंधरा मिनिटं दिली.

बायजाबाईला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून भूपेश आणि सावळारामनं आत नेलं. भाकर तिनंच थापली होती, बसून, तीनदा दम खाऊन. घरचा तांदूळ कुठला असणार? दुकानातला होता. राघो भगतही आला होता, म्हातारा झाला होता तोही; भाकरीची पिशवी माझ्या हातात होती. केवढं मोठं रिकामं गोडाऊन! बोललं की आवाज पत्र्यावर जाऊन परत यायचा. कोपऱ्यात, तीन फुटांच्या चौकोनात चेडोबा. शेंदूर काळवंडलेला, अंगावर पुठ्ठ्यांची धूळ.

बायजाबाईनं पदरानं दगड पुसला. भाकर ठेवली, अंडं ठेवलं. कोंबडा राघोनं नुसता दाखवून सोडला, कारण फरशीवर रक्त सांडायचं नाही असं विपुलनं बजावलं होतं.

"राघो," ती म्हणाली, "परत कौल घे. यायला तयार हाय का बघ. आता तरी नेऊ त्याला."

राघोनं सावळारामकडे पाहिलं. सावळाराम खुर्चीमागे उभा होता. तो पुढे आला आणि तिच्यासमोर फरशीवर बसला.

"बायजे, त्यो तेवाच तयार असंल. मीच नाय म्हनायला लावलं. गूळ लावला व्हता. मना वाटलं, देवाच्या नावानं शेत वाचंल."

राघोनं मान खाली घातली. भूपेश बापाकडे बघतच राहिला. सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट त्या एकट्यालाच माहीत नव्हती.

"मना सांगाचा व्हता, आबा," तो म्हणाला. "सरळ न्हाय म्हनाचा व्हता."

"तू ऐकला असतास?"

 बायजाबाई नवऱ्याकडे वळली. मला वाटलं, आता पाणवठ्यावरचा आवाज निघतोय. पण तिनं हात नुसता त्याच्या डोक्यावर ठेवला, पोराच्या ठेवतात तसा.

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. विपुल दारातून म्हणाला, "आजी, झालं का? माणसं आली."

"कौल घेऊ का, बाय?" राघोनं विचारलं. त्याच्या मुठीत ओले तांदूळ होते, या वेळी बिनगुळाचे.

"नको," बायजाबाई म्हणाली. "त्यो हो म्हनला, तर नेऊ कुठं त्याला? बांध हाय का आपल्याकं एक तरी?"

राघोनं मूठ तशीच मिटली. बापलेकांनी खुर्ची उचलली. दारापाशी कोरे कपडे घातलेली चार माणसं मोजायची टेप धरून उभी होती. त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यातल्या एकानं भूपेशला विचारलं, "इथला फ्लोअर किती टन घेतो?" भूपेशला आकडा पाठ होता. त्यानं तो सांगितला.

बायजाबाई पौष संपायच्या आत गेली. गोडाऊन कुणीतरी घेतलं, पाटी अजून लागलेली नाही. आत काय चाललंय, चेडोबा तिथंच आहे की उखडला, ते कुणाला कळत नाही. सावळाराम हल्ली घरातही गप्प असतो.