गॅरंटीकाकांनी तोडलेलं सील

गॅरंटीकाकांच्या घरात प्रत्येक वस्तूच्या पाठीवर एक पांढरं स्टिकर असे आणि स्टिकरवर दोन ओळी. पहिल्या ओळीत 'घेतलं' आणि तारीख. दुसऱ्या ओळीत 'गॅरंटी' आणि ती संपण्याची तारीख. मिक्सर, इस्त्री, वजनकाटा, देवघरातला विजेचा दिवा, कोणीही सुटलेलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा पडलेला चमचा उचलायला वाकले, तर खुर्चीच्या बुडाशीही स्टिकर. त्या खुर्चीची गॅरंटी संपून अकरा वर्षं झाली होती. बाकीचं जेवण मी जरा बेतानंच टेकून केलं.

खरं नाव त्यांना होतं, पण जर्मनीतल्या एर्लांगेनच्या मराठी मंडळींत ते कोणी वापरत नसे. मूळचे सांगलीचे. इथल्या एका मोठ्या विद्युत कंपनीच्या तपासणी विभागात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होते, त्यामुळे ते रोज जिन्यात भेटत आणि रोज काहीतरी शिकवत. "कंपनीची गॅरंटी ही कंपनीची मर्जी," ते सांगत. "पण दुकानदाराची दोन वर्षांची जबाबदारी, ती कायद्यानं. लोक उगाच कंपनीशी भांडतात. आल्झो, भांडायचं दुकानदाराशी." आल्झो म्हणजे जर्मनमधलं 'तेव्हा', ते काकांच्या जिभेवर बसलं होतं. इतर लोक जिन्यात हवेबद्दल बोलतात. आम्ही हे बोलायचो.

इथल्या दुकानांतल्या पावत्यांची शाई वर्षभरात उडते आणि हातात कोरा कागद राहतो. काकांच्या मते हा योगायोग नव्हता. म्हणून बाजारातून आल्यावर चहाच्या आधी पावतीची झेरॉक्स निघे. नव्या घरात आल्यावर मी शेजारधर्म म्हणून त्यांना एक टोस्टर भेट दिला. काकांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "छान आहे. पावती?" मी मुळात तापट. दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या महिन्यात टोस्टर बंद पडला आणि मी निमूटपणे पावती शोधून खाली नेऊन दिली. काका त्याच दुपारी नवा टोस्टर घेऊन आले. त्यानंतर मी त्यांना काहीही देताना पावती वर ठेवायची आणि वस्तू खाली.

इमारतीच्या तळघरात, म्हणजे केलरमध्ये, प्रत्येक घराला एक जाळीची खोली होती. लोक तिथे सायकली ठेवत, जुने सोफे ठेवत. काकांची खोली छतापर्यंत रिकाम्या खोक्यांनी भरलेली होती. खोक्यात थर्माकोल, थर्माकोलच्या खाचेत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत तिची बांधायची तार. "खोकं नाही तर दावा नाही," काका म्हणत. काकू म्हणायच्या, "आमच्या केलरमध्ये चोर शिरला तर बिचारा रडत परत जाईल."

आणि सगळ्यांत मोठा नियम सीलचा. वस्तूच्या स्क्रूवर कंपनीनं चिकटवलेला तो नखाएवढा चकचकीत कागद काकांना देवाच्या ठिकाणी होता. काकांना यंत्र कळत नव्हतं असं अजिबात नाही. त्यांच्याकडे स्क्रूड्रायव्हरचा एक पूर्ण ड्रॉवर होता आणि मुदत संपलेली प्रत्येक वस्तू ते स्वतः खोलून, पुसून, चालू करून ठेवत. पण मुदतीच्या आत बोटसुद्धा लावायचं नाही. "मुदतीच्या आत वस्तू त्यांची, मुदतीनंतर आपली," हे त्यांचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ झालं होतं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला काकूंना अर्धांगाचा सौम्य झटका आला. बोलणं शाबूत राहिलं, पाय आठवड्यात सुधारला, उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच राहायचा. काकूंना सगळ्यात जास्त सल होता तो अंबाड्याचा. चाळीस वर्षं स्वतःचा अंबाडा स्वतः घातलेला, आता तो काका घालू लागले. काका अंबाडा नट आवळावा तसा आवळत. मी घालून देते म्हटलं तर काकू म्हणाल्या, "राहू दे गं. त्यांना काहीतरी करू दे." पुढे हळू आवाजात म्हणाल्या, "पण मला माझा मीच घालायचाय."

हाताचे व्यायाम करून घ्यायला आठवड्यातून एकदा एक थेरपिस्ट बाई यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की गेलेलं जे परत येतं, त्यातलं बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. "गेनाऊ, अगदी बरोबर," काका म्हणाले आणि मान डोलावली. बाईंनी दाबायला रबरी मातीचा गोळा दिला होता. काकूंनी तो दोन दिवस दाबला आणि फ्रिजवर ठेवून दिला. कणीक असती तर निदान पोळी झाली असती, असं त्यांचं म्हणणं. मग मी सुचवलं, गेम कन्सोल घ्या. हातात धरायचा, छोट्या पडद्याचा. अंगठ्यानं दांडी फिरवायची, बोटांनी बटणं दाबायची. बाई म्हणाल्या, उत्तम. काकांनी विचारलं, गॅरंटी किती?

काकूंनी निवडलेल्या गेममध्ये एक तळं होतं, एक होडी होती आणि मासे पकडायचे होते. काकू जन्मभर शाकाहारी. त्या मासा पकडायच्या आणि लगेच पाण्यात सोडून द्यायच्या. सोडलेल्या माशाचे गुण मिळत नाहीत, असं मी सांगून पाहिलं. "मिळाले नाहीत तर नाही मिळाले," त्या म्हणाल्या. रोज संध्याकाळी काका तिळाचं तेल कोमट करून त्यांची बोटं एकेक करून चोळत, मग काकू तासभर होडी चालवत. ऑक्टोबर संपेपर्यंत त्या उजव्या हातानं कपाची कड धरू लागल्या. एकदा केसांत पिन खोचली. पिन तिरकी होती, पण काकांनी ती दिवसभर काढू दिली नाही.

नोव्हेंबरात होडी आपोआप डावीकडे जायला लागली. काकू दांडी सोडून बसल्या तरी होडी किनाऱ्याला जाऊन धडका देत राही. मी बघितलं. हा रोग मला माहीत होता; इंटरनेटवर ह्या कन्सोलच्या नावानं बोटं मोडणारे हजारो लोक आहेत. दांडीच्या खालचा भाग झिजतो, घाण बसते. खोलून साफ केलं की बहुतेक वेळा सुधारतं. "काका, वीस मिनिटांचं काम आहे," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी विषय बदलला. कन्सोल त्याच्या थर्माकोलमध्ये, थर्माकोल खोक्यात आणि खोकं दुकानात गेलं.

तीन आठवड्यांनी तो परत आला. सोबत चिठ्ठी: तपासणीत दोष आढळला नाही. काकूंनी सुरू केला आणि दहाव्या मिनिटाला होडी डावीकडे निघाली. काकांना राग आला नाही. तपासणी विभागातला माणूस, त्यांना उलट उत्साह आला. त्यांनी होडीचा व्हिडिओ काढला, चार पानी पत्र लिहिलं, झेरॉक्स जोडल्या, मुदत दिली आणि कन्सोल पुन्हा पाठवला. मग नाताळ आला. नाताळात इथे सगळं थंडावतं, दुरुस्ती केंद्रांना तर निमित्तच हवं असतं.

त्या दिवसांत मी त्यांच्याशी भांडले. माझा कन्सोल वर नुसता पडून होता, तो न्या म्हटलं. हॅम्बर्गहून त्यांची मुलगी सई फोनवर म्हणाली, बाबा, मी नवा पाठवते. काकांनी दोघींना एकच उत्तर दिलं. "घरात चालू वस्तू आली की आपल्या दाव्यात दम राहत नाही." ह्याला काय म्हणावं? काकू मध्ये पडल्या नाहीत. "इतकी वर्षं जिंकत आलेत," एवढंच म्हणाल्या. अंबाडा काकाच घालत होते. रबरी गोळा फ्रिजवरच होता.

थेरपिस्ट बाईंच्या मंजूर फेऱ्या ऑक्टोबरात संपल्या होत्या; पुढची मंजुरी मिळून त्या जानेवारीच्या शेवटी एका सकाळी आल्या. मी रजेवर होते, खाली चहाला बसले होते. बाईंनी काकूंच्या हाताचा जोर मोजला, वहीतला आधीचा आकडा पाहिला आणि पुन्हा मोजला. जोर ऑक्टोबरपेक्षा कमी झाला होता. "इतके आठवडे तुम्ही काय केलंत?" त्यांनी काकांना विचारलं. काका म्हणाले, "वाट पाहिली." बाईंनी नवा आकडा वहीत लिहिला. जाताना त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला, तो मला जास्त लागला.

बाई गेल्या आणि तासाभरात पार्सल आलं. दुरुस्त न केलेला कन्सोल आणि एक पत्र. काकांनी ते मोठ्यानं वाचलं. दांडीच्या आत बाहेरून गेलेला तेलकट पदार्थ आढळला आहे, सबब दावा फेटाळण्यात येत आहे. ओट्यावर तिळाच्या तेलाची वाटी होती.

"बरोबर आहे त्यांचं," काका म्हणाले. मग चष्मा पुसून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला. "पण होडी तेलामुळेच सरकते, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. आल्झो, पहिल्या वर्षात सिद्ध करायचं ते त्यांनी. चार आठवड्यांची मुदत देऊ."

काकूंनी आपला उजवा हात डाव्या हातानं उचलून टेबलावर ठेवला. पालथा.

"अहो," त्या म्हणाल्या, "ह्याच्या पाठीवर तारीख लिहायची राहिली तुमची."

काकांनी हाताकडे पाहिलं. पेनाला टोपण लावलं. उठून त्या ड्रॉवरमधून एक बारीक स्क्रूड्रायव्हर काढला, ह्याच कन्सोलच्या तीन धारी स्क्रूला बसणारा. तो त्यांनी कन्सोल घेतला त्याच आठवड्यात आणून ठेवला होता, मुदत संपेल तेव्हासाठी. त्याच्या मुठीवरही स्टिकर होतं. मग नखानं त्यांनी सील फाडलं. फाडताना तोंड जरासं फिरवलं होतं, लहान मुलाला इंजेक्शन देताना आईबाप फिरवतात तसं.

आत त्यांनी स्पिरिटच्या कापसानं तेल पुसलं. दांडीखालची पट्टी झिजून सैल झाली होती, तिला वरून दाब हवा होता. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, फायलीतून गॅरंटी कार्ड काढलं, कात्रीनं त्याचा एक नखाएवढा तुकडा कापला, दुमडला आणि पट्टीवर ठेवला. सगळं मिळून अठरा मिनिटं लागली. मी वीस सांगितली होती. कन्सोल उलटा करून त्यांनी जुन्या स्टिकरवर नवं चिकटवलं आणि काहीतरी लिहिलं. तारखाच असणार म्हणून मी बघायला गेले नाही. होडी सरळ गेली.

त्या दिवसापासून काकू सकाळ-संध्याकाळ खेळल्या. तेल नंतर, खेळ आधी, असा क्रम ठरला. एप्रिलात त्यांनी स्वतःचा अंबाडा स्वतः घातला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र कधीच वळलं नाही. वाया गेलेल्या आठवड्यांमुळे की तसंही वळलं नसतं, हे बाईंनाही सांगता आलं नाही. काकूंचं म्हणणं, अंबाडा तीन बोटांत होतो. काका एकदाच बोलले, जिन्यात, हातात कचऱ्याची पिशवी असताना. "सगळ्यांच्या मुदती पाळल्या मी. तिची चुकली." मी पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि खाली टाकून आले.

दोन वर्षांनी काका गेले. हृदय थांबलं, कुठल्याही पूर्वसूचनेशिवाय. सईनं हॅम्बर्गहून येऊन केलर रिकामं केलं. खोकी न्यायला टेम्पो दोनदा आला. मला त्या खोक्यांचा इतकी वर्षं राग येत असे आणि त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले.

ह्या मार्चमध्ये काकूंचा फोन आला. होडी पुन्हा डावीकडे जात होती. सई नवा मागवायला निघाली होती, पण काकूंनी तिला थांबवलं होतं. "तू ये आणि उघड," त्या मला म्हणाल्या. "आत त्यांचा कागद आहे, तो सरकला असेल."

मी ड्रॉवरमधला तोच स्क्रूड्रायव्हर घेतला. काकूंनी मोबाईलचा टॉर्च धरला, उजव्या हातात. कार्डाचा तुकडा खरंच सरकला होता, दाबून दाबून पातळही झाला होता. नवा कापू का म्हटलं, तर नको म्हणाल्या. मी तोच आणखी एकदा दुमडून बसवला, पुसापुशी केली, झाकण लावलं. स्क्रू आवळताना टॉर्चच्या उजेडात काकांचं ते स्टिकर पहिल्यांदा नीट वाचलं. पहिल्या ओळीत 'उघडलं' आणि जानेवारीतली तारीख. दुसऱ्या ओळीत लिहिलं होतं, 'गॅरंटी: मी'. पुढे तारीख नव्हती.

"मी म्हटलं होतं त्यांना, तारीख राहिली," काकू म्हणाल्या. "तर म्हणाले, राहू दे."

कन्सोल त्यांच्या हातात दिला. होडी सरळ तळ्याच्या मध्यावर गेली. काकूंनी एक मासा पकडला, बघितला आणि सोडून दिला.