सहा नंबरची पाचर

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी तो गुरुवार डोक्यातून जात नाही.

नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतल्या पोलीस ठाण्यात मी होतो. आदल्या दिवशी एका कारखान्यात, पत्रा कापणाऱ्या प्रेसखाली, सुरगाण्याकडच्या एका कामगाराच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ती खाली येते, म्हणजे हात आत राहूच शकत नाही. एका कॉलेजच्या संशोधक मॅडमनी ही सोय बसवून घेतली होती, आणि त्या सोयीने अपघात कमी होतात का, ते बघायला त्या दर सोमवारी येत. पंचनाम्यात त्या प्रेसची दोन्ही बटणं ठीक निघाली.

मी हॉस्पिटलमध्ये जबाब घ्यायला गेलो. "चूक माझीच, साहेब. एक बटण कोपरानं दाबलं." गडी पोपटासारखा बोलत होता. लिहून घेतलं, डावा अंगठा उठवला. चला, सुटलो एकदाचे! उठता उठता सहज विचारलं, "सोबत कोणी नाही?"

"बायको हाय. ड्युटीवर धाडली तिला, सहा नंबरच्या प्रेसवर." आणि तो ढसाढसा रडायला लागला. "साहेब, माझं नाव सांगू नका, पण तिच्या बटणातली पाचर काढा. मालक म्हणला, तोंड उघडलं तर दोघांचं बी काम जाईल."

जीप काढली. सिग्नलला ड्रायव्हरवर उगाच खेकसलो.

कारखान्यात प्रेस धडाधड चालू होत्या. सहा नंबरवर ती बाई उजव्या हाताने पत्रा आत सरकवत होती, डाव्याने बटण दाबत होती. मी आधी मेन स्विच पाडला. दुसऱ्या बटणात लाकडी पाचर ठोकलेली, म्हणजे ते कायम दाबलेलंच; पाचरीवर लाल रंगात सहाचा आकडा. प्रत्येक प्रेसवर तशीच, आपापल्या नंबरची. फक्त चार नंबरवर, जिथे अपघात झाला, तिथे नव्हती.

"ह्या लोकांना कितीदा सांगायचं, साहेब? हेच ठोकतात!" सुपरवायझर म्हणाला.

"आणि नंबर? तेही हेच टाकतात?"

त्याला ड्रॉवर उघडायला लावला. आत लाल रंगाची डबी आणि धुतलेली चार नंबरची पाचर. आमच्या पंचनाम्याआधीच पठ्ठ्याने ती काढली होती.

"एक हात मोकळा असला की काम भरभर उरकतं," तो पुटपुटला. मग वर म्हणतो कसा, "पण सोमवारी न चुकता काढतो की, साहेब!"

तळपायाची आग मस्तकात गेली. मालक आणि सुपरवायझर, दोघांवर गुन्हा दाखल केला. कारखाना निरीक्षकांना बोलावून प्रेस बंद करवल्या. जखमी कामगाराचा जबाब नव्याने घेतला.

मॅडम ठाण्यात आल्या. "माझे सगळे सोमवार खोटे निघाले," एवढंच बोलल्या. पुढे त्यांनी दिवस कळवून जाणं बंद केलं. मीही तेव्हापासून तपासणीला कधी सांगून गेलो नाही.

त्यांना एक गोष्ट सांगायची मात्र माझी हिंमत झाली नाही. त्याच वर्षी, अपघाताच्या आधी, सुरक्षा सप्ताहाला मी त्या कारखान्यात प्रमुख पाहुणा होतो. हार घालून घेतला, मालकाची पाठ थोपटली. सहा नंबर चालवून दाखवली गेली. त्या बाईने दोन्ही हातांनी बटणं दाबली आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी टाळ्या वाजवल्या आणि चहाला गेलो.