गणपतीखालचा दिवा

“गाडी पोरीवरच गेली दिसते, काही बोलतच नाई,” गाडीखालून मिस्त्री म्हणाला आणि बाकावर बसलेलं गिऱ्हाईक हसलं. मी चार पावलांवर उभी होते. पण मी कुठेही उभी असले तरी लोक असंच बोलतात, जणू तिथे कोणी नाही. शाळेपासूनची सवय आहे, त्यांची आणि माझीही.

सकाळी दवाखान्यातून घरी परतताना, आमच्या पिपरीच्या अलीकडे गाडीतला जोर गेला. इंजिन चालू, पण कितीही दाबलं तरी गाडी सायकलच्या पुढे जाईना. मागच्या सीटवर डायलिसिस करून आलेले बाबा डोळे मिटून पडले होते आणि आई त्यांच्या हाताची पट्टी धरून बसली होती. कशीबशी गॅरेजपर्यंत आणली. आता बाबा तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीत मान टाकून बसले होते. परवा पुन्हा त्यांची डायलिसिसची पाळी होती.

ऑटोने नेऊन पाहिलं होतं. प्रत्येक गतिरोधकावर त्यांना उलटी व्हायची, आणि एकदा घर येईपर्यंत त्यांची शुद्ध हरपली. म्हणून आईने पाटल्या मोडून ही जुनी डिझेल गाडी घेतली आणि मी घाबरत घाबरत लायसन्स काढलं. पण गाडीला काही झालं की बाबा त्याचा राग स्वतःवर काढत. पहिल्याच महिन्यात बॅटरी बसली, तर म्हणाले, “माझ्यापायी कायले एवढा खर्च? विका ही गाडी. मी नाई येत आता.” आणि खरंच गेले नाहीत. ती एक पाळी चुकली. तिसऱ्या दिवशी त्यांचा चेहरा इतका सुजला होता की डोळे दिसेनात. तेव्हापासून गाडीचं दुखणं बाबांपर्यंत जाऊ द्यायचं नाही, एवढं मी मनाशी ठरवलं.

मग तो दिवा लागला. पिवळा, इंजिनाच्या आकाराचा, स्टिअरिंगच्या मागे. गाडीसोबत आलेलं इंग्रजी पुस्तक घरात मी एकटीनेच वाचलं होतं. धुरातली काजळी अडवणारी एक जाळी असते; ती भरत आली की हा दिवा लागतो. उपायही लिहिला होता: मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं सलग वेगात चालवा, काजळी आपोआप जळेल. आमची गाडी जायची पिपरीहून दवाखान्यापर्यंत आणि परत, तीही बाबांना धक्का बसू नये म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये. एका रविवारी मी एकटी नागपूर रोडला लागले. पवनारचा पूल यायच्या आधीच मागे एक ट्रक चिकटला आणि हॉर्न देत राहिला. मी घाबरून गाडी बाजूला घेतली आणि वळवून घरी आणली. दिवा होता तसाच.

परतताना बाबा मागे पडून असत, पण दवाखान्यात जाताना पुढे बसत आणि त्यांची नजर सारखी स्टिअरिंगमागच्या काट्यांवर असे. म्हणून पुढच्या पाळीच्या आधी मी बाजारातून रुपयाएवढा गणपतीचा स्टिकर आणला आणि नेमका दिव्यावर चिकटवला. बाबांनी हात जोडले. “बरं केलं,” म्हणाले. आईने दुसऱ्याच दिवशी त्याला कुंकू लावलं आणि मग रोजच लावू लागली. मी वाटेल तेव्हा काढता येईल असा कागद लावला होता; दोन दिवसांत तो देव झाला. त्याला नख लावायची माझी हिंमत होईना. पुढच्या रविवारी नक्की वीस मिनिटं चालवू, असं म्हणत पाच रविवार गेले.

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले. गाडीत बसण्याआधी त्यानेही स्टिकरला बोट लावून कपाळाला लावलं. मशीनची वायर जोडून पाहिली आणि आईला म्हणाला, “काकू, जाळी भरली हिची. मशीननं आतल्या आत जाळून टाकतो, तासाभराचं काम आहे. पण काजळी नवी असली तरच. जुनी असली तर आत भडकते, जाळी तडकते. अन् नवी जाळी टाकाची म्हटलं तर तेवढ्या पैशात अशी दुसरी जुनी गाडी येते.”

“मंग दुसरा काही उपाय?”

“खोलून नागपूरले धुवाले पाठवा लागते. आठ दिवस गाडी उभी.”

“आठ दिवस नाई जमत, भाऊ. परवाच दवाखान्यात न्या लागते ह्यायले.”

“मंग एवढंच सांगा, दिवा कधीपासून लागून राह्यला? माह्या मशीनमंधी ते नाई दिसत.”

“दिवा तं लागलाच नाई जी,” आई म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. “रोज कुंकू लावते मी तिथं. दिसला असता.”

“मंग बरं हाय. लावतो मशीन.”

बाबा चपलांकडे पाहत पुटपुटले, “माझ्यापायीच हे सगळं.” आईने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

वर्गात उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. गप्प राहिले तर कदाचित निभेल. नाही निभलं तर गाडी गेली, आणि गाडीसोबत बाबांची प्रत्येक पाळी. बोलले तर बाबा ऐकतील. कदाचित परवा ते दवाखान्यात यायला उठणारच नाहीत.

मिस्त्रीने किल्ली फिरवली. इंजिन चढ्या आवाजात घुमायला लागलं. त्याचं बोट बटणाकडे गेलं.

“थांबा!” बाकावरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं, इतका माझा आवाज मोठा होता. “दिवा लागलेला आहे. सव्वा महिना झाला. त्या गणपतीच्या खाली आहे. बाबांना दिसू नये म्हणून मीच तो तिथे चिकटवला.”